अर्धं पोतं

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत हमाल पुष्कळ. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला, बसावं की उभंच राहावं अशा घालमेलीत माणूस आत येतो. मी नाव विचारते, वय विचारते, आणि दुखण्याबद्दल काही विचारायच्या आत त्याचाच प्रश्न येतो, "मॅडम, कामावर कधी जाऊ?" काय झालंय, कशानं झालं, पुन्हा होईल का, हे सगळं मागाहून. काही जण तर आल्या आल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवतात. त्यावर त्यांना एकच शब्द लिहून हवा असतो : फिट.

हा प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले. माझे आप्पा हमाल होते. पाटणच्या खोऱ्यातल्या डोंगराळ गावातून ते पोटासाठी शहरात आले. शेती होती ती नावाला. भात आणि नाचणीपलीकडे तिच्यातून काही निघायचं नाही. त्यांची निम्मी टोळी त्याच खोऱ्यातली. रात्री ट्रक लागायचे, पहाटे ते खाली व्हायला लागायचे, आणि उन्हं वर येईपर्यंत ओट्यांवर गूळ, ज्वारी, साखर, कांदा यांच्या थप्प्या उभ्या असायच्या. शहराच्या ताटातला घास आधी कुणाच्या तरी पाठीवरून आलेला असतो, हे मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं.

पोतं पाठीवर घेणं हे नुसतं ताकदीचं काम नाही. दोघं जण दोन टोकांना आकडे लावून पोतं थप्पीवरून उचलतात. तिसरा वाकून त्याखाली पाठ देतो. पोतं बसलं की तो क्षणभर थांबतो. पायाची बोटं पसरतो, दम रोखतो, मागं हात नेऊन पोत्याची कड धरतो, मग निघतो. ट्रकपासून ओट्यापर्यंत लाकडी फळी टाकलेली असते. एकापाठोपाठ दोन माणसं चढली की ती लवते, आणि त्या लवण्याचा ताल पायांना आधी कळावा लागतो. आप्पांच्या मानेच्या मुळाशी, जिथं पोत्याची कड टेकायची तिथं, कातडी जाड होऊन उंचवटा आला होता. जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो तसा. लहानपणी मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून त्याच्यावरून बोट फिरवायचे. तिथं त्यांना काही जाणवायचं नाही. त्याच्या वीतभर खाली मात्र हात लागला की ते अंग चोरायचे.

पहिल्यांदा त्यांची कमर गेली ती पावसाळ्यात. फळी ओली होती, पाय घसरला. पोतं फेकून दिलं असतं तर ते स्वतः वाचले असते. पण पोतं फुटलं की माल सांडतो, आणि सांडलेल्या मालाची बोलणी अख्ख्या टोळीला खावी लागतात. त्यांनी पोतं सोडलं नाही. एका बाजूला वाकून, कमरेत पीळ देत त्यांनी ते सावरलं, ओट्यावर नेऊन टाकलं, आणि मग त्यांना सरळ होता येईना. दोघांनी धरून घरी आणलं. चाळीत बातमी पोचली ती नेहमीच्या शब्दांत : आप्पांना उसण भरली.

उसण भरलेल्या माणसाला पायाळू माणसाचा पाय लावतात. जन्मताना जे पायांकडून बाहेर येतात ते पायाळू. त्यांच्या लाथेनं उसण जाते, असा आपल्याकडे समज आहे. मी पायाळू. त्यामुळे चाळीतल्या सगळ्या हमालांच्या कमरेवर माझा हक्क होता. भल्या सकाळी कुणीतरी दारात यायचं, "पोरीला जरा पाठवा." मोठा माणूस उंबऱ्यापाशी पालथा पडलेला असायचा. मी त्याच्या कमरेवर हळूच पाय टेकवायचे. वडीलधाऱ्या माणसाला पाय लावायचा म्हणून मी नंतर नमस्कार करायचे, आणि तेही पडल्या पडल्या हात जोडायचे. या माणसांच्या पाठी माझ्या तळव्यांना आधी कळल्या, हातांना फार पुढं. काही पाठी दगडासारख्या घट्ट असायच्या, काही पाय लागताच थरथरायच्या. आज शिकलेल्या नजरेनं पाहते तेव्हा त्या समजामागचं कारणही दिसतं. कमरेचं अचानक उठलेलं दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपलं आपण उतरतं. लाथ मारली तरी उतरतं, न मारली तरी. पण मला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तेवढ्या वेळात त्या माणसाला कुणी "कामावर कधी?" असं विचारत नसे. चारचौघांसमोर आडवं पडायची त्याला मुभा होती, आणि त्याचं दुखणं खरं आहे हे सगळ्यांनी धरून चाललेलं असायचं.

दुखणं उतरतं, हे खरं. ते परत का येतं, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे.

कण्याच्या दोन मणक्यांमध्ये गादी असते. प्रौढ माणसाच्या या गादीला जवळपास रक्तपुरवठाच नसतो. आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येईल तेवढ्यावर ती जगते, म्हणून तिला झालेली इजा फार सावकाश भरते. रात्री आपण आडवे असतो तेव्हा गादी पाणी शोषून फुगते. सकाळी उठल्यावर माणूस आदल्या संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, तो यामुळे. पण फुगलेली गादी ताठ असते आणि त्या वेळी खाली वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. अंथरुणातून उठल्यावर पहिला तासभर ओझं उचलू नका, वाकू नका, असं आम्ही पाठीच्या रुग्णांना सांगतो. बाजारातला पहिला ट्रक नेमका त्याच तासात खाली होतो.

आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश शल्यविशारदानं १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. आडवं पडल्यावर तो सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर त्याहून जास्त, आणि पुढं वाकून हातात वजन धरलं की कैक पटींनी वाढलेला. पाठ देऊन पोत्याखाली वाकलेल्या माणसाला हे सांगायला सुई लागत नाही. तरी मोजमापाचं मोल मोठं आहे. हमालाला जे कण्यातून कळतं ते कागदावर आलं, की ते नाकारणं इतरांना अवघड जातं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. कण्याला लागून, अगदी खोलवर, मणक्याला मणका बांधून ठेवणारे बारीक स्नायू असतात. कमरेला पहिल्यांदा इजा झाली की त्या जागचा हा स्नायू चटकन रोडावतो. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स या फिजिओथेरपिस्टनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे दाखवून दिलं, आणि त्याच्या जोडीनं आणखी एक गोष्ट दाखवली. दुखणं थांबलं तरी तो स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्याला मुद्दाम, हळूहळू, नेमक्या व्यायामानं जागं करावं लागतं. ज्यांनी तो व्यायाम केला त्यांची कमर पुढच्या काळात कितीतरी कमी वेळा गेली. दुखायचं थांबलं म्हणजे आपण बरे झालो, असं आपण सगळेच समजतो. हमालाच्या बाबतीत हा समज महागात पडतो. दुखत नाही म्हणून तो फळीवर चढतो, आणि आतला पहारेकरी अजून अंथरुणातच असतो.

आप्पांचं तसंच होत गेलं. प्रत्येक खेपेला ते लवकर कामावर गेले, आणि प्रत्येक खेपेला पुढचं दुखणं आधीपेक्षा लवकर आलं. कमरेला जपायचं म्हणून ते गुडघ्यांवर भार घ्यायला लागले, मग गुडघे सुजले. डावा गुडघा सांभाळायला उजवा खांदा पुढं आला, तो खांदा धरला. त्यांच्या अंगावर दुखण्याचा नुसता फिरता मुक्काम होता. त्यांनी आपल्या परीनं उपायही शोधले होते. कॅन्व्हासचा पट्टा ते इतका आवळून बांधायचे की रात्री सोडल्यावर कमरेवर त्याची वीण उमटलेली असायची. जिना उतरताना कठड्याला धरून तिरके उतरायचे. थप्पीच्या वरच्या ओळीतलं पोतं पाठीवर घ्यायला सोपं, खालच्या ओळीतलं अवघड. म्हणून वरची ओळ उतरत असताना ते पुढं असायचे आणि खालची आली की पाणी प्यायला जायचे. टोळीतल्यांना हे दिसत होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाचं कधी ना कधी असं पाणी पिणं झालेलं होतं. मुकादम आला की मात्र आप्पा लंगडायचे थांबायचे. दुखऱ्या पायावर सरळ चालण्यात जेवढी ताकद जाते तेवढी पोतं वाहण्यातही जात नसेल. संध्याकाळी घरी आल्यावर ते पायातल्या चपलाही न काढता दाराशी बसून राहायचे, ते त्या सरळ चालण्यामुळे.

त्यांनी विश्रांती का घेतली नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. सुशिक्षित माणसं विचारतात, डॉक्टर मंडळीही विचारतात, आणि त्यात कळकळ असते. पण उत्तर हट्टात किंवा अडाणीपणात शोधू नये. ते टोळीच्या हिशेबात आहे. आठवडाभर टोळीनं जेवढा माल हलवला त्याची हमाली शनिवारी जमा होते आणि सगळ्यांना सारखी वाटली जाते. एक माणूस आजारी पडला तर उरलेल्यांना त्याचं ओझं वाहावं लागतं, नाहीतर त्याच्या जागी बदली माणूस घ्यावा लागतो. बदली घेतला की वाटा त्याला जातो. तो बहुधा तरणाबांड असतो, हमालीच्या बिल्ल्याची वाट बघत असतो, दोघांचं काम एकटा करून दाखवतो. घरी पडलेल्या माणसाला कमरेपेक्षा जास्त त्या तरण्या पोराची कळ लागते. त्यात सुगीचा हंगाम असला, तर त्याच महिन्यांत वर्षाची फी, गावाकडचं देणं, बहिणीचं बाळंतपण, सगळं भागवायचं असतं. या हिशेबात विश्रांतीला जागा नसते. ज्याला आपण अविचार म्हणतो, तो घर चालवणाऱ्याचा पुरता विचार असतो.

एके काळी तर हिशेबही नव्हता. हमालाला मालक नव्हता, म्हणून कुठल्याच मालकाची जबाबदारी नव्हती. काम करवून घेणारे सगळे, जबाबदार कुणीच नाही, अशी स्थिती. पुण्यात १९५०च्या दशकात पेशानं वैद्य असलेल्या बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं. त्या लढ्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा १९६९ साली आला. देशात अशा तऱ्हेचा तो पहिलाच. कामगार आणि व्यापारी या दोघांची नोंद माथाडी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, तिच्यावर व्यापाऱ्याकडून लेव्ही, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. आमच्या घरात मी शिकू शकले ते या कायद्यामुळे. डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणारा माणूस हा नोंद असलेला, हक्क असलेला कामगार आहे, हे त्या कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं. त्या पिढीचे माझ्यावर डोंगराएवढे उपकार आहेत, आणि पुढचं जे मी मागते आहे ते त्यांच्याच वाटेवरचं आहे.

पोत्याचं वजनही झगडूनच खाली आलं. आप्पांच्या तरुणपणी साखरेचं, धान्याचं पोतं क्विंटलचं असायचं. शंभर किलो एका माणसाच्या पाठीवर. हमालांच्या संघटनांनी पन्नास किलोच्या पोत्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. आज साखर, सिमेंट, सरकारी धान्य बहुतांशी पन्नासच्या पोत्यात येतं. युरियाची गोणी २०१८पासून ४५ किलोची झाली, पण ती शेतात युरिया कमी वापरला जावा म्हणून. वाहणाऱ्याच्या पाठीचा विचार त्या निर्णयात नव्हता. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेनं १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात सगळी परिस्थिती अगदी अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, न वाकता, न वळता, अधूनमधून उचलताना, २३ किलोची मर्यादा धरली आहे. आपला हमाल त्याच्या दुप्पट वजन घेऊन लवणाऱ्या फळीवर चढतो, आणि ते दिवसभर.

शंभरावरून पन्नासावर येणं हा मोठा विजय होता. त्यानं पुष्कळ पाठी वाचवल्या. तरी दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी एक गोष्ट तशीच राहिली. त्याला परत कामावर यायचं असेल तर पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीला, पुरतं पोतं घ्यावं लागतं. बाजारात अर्धं पोतं नसतं.

माझ्या मते सगळ्या दुखण्याची गाठ इथं आहे. पूर्वी कमर धरली की आठवडेच्या आठवडे फळीवर पडून राहायला सांगत. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी तुलना करून पाहिली, तर दोन दिवस पडून राहिलेली माणसं आठवडाभर पडून राहिलेल्यांइतकीच बरी झाली, आणि कामावर मात्र आधी गेली. तेव्हापासून आम्ही पडून राहा असं सांगत नाही. हिंडा-फिरा, झेपेल तेवढं करा, रोज थोडं वाढवा, असं सांगतो. शरीराला सवयीनंच बळ येतं. आधी हलकं, मग मध्यम, मग जड. वैद्यकशास्त्रानं दिलेला हा सल्ला चांगला आहे, पण तो पायऱ्या गृहीत धरतो. कचेरीत काम करणाऱ्याला त्या मिळतात. काही दिवस घरून, काही दिवस अर्धा वेळ, मग पूर्ण. हमालासमोर एका बाजूला अंथरूण आणि दुसऱ्या बाजूला पन्नास किलो. मधे काही नाही. त्याच्या खिशातल्या कागदावरही दोनच शब्द मावतात, फिट किंवा अनफिट. अनफिट लिहिलं की घरात चूल अडते, फिट लिहिलं की काही आठवड्यांत तो परत माझ्या दारात. त्या कागदापुढं पेन धरून बसलेल्या माणसाला हे नीट कळतं, की आपल्याकडे इलाज आहे आणि तो चालवायला जागा नाही.

या कोंडीत माणूस गोळी घेतो. पेठेतल्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते. कामाआधी एक, दुपारी एक, मोठी गाडी असली तर आणखी एक. गोळीनं दुखणं दबतं, पण इजा तिथंच असते. फक्त तिची हाक ऐकू येईनाशी होते. वर उन्हाळ्यात अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, पोटात सकाळचा चहा, आणि त्यावर ही औषधं रोज. त्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. मी प्रत्येकाला विचारते, गोळ्या किती घेता? उत्तर देताना बहुतेक जण माझ्याकडे न बघता बोलतात. मी त्यांना रागवत नाही. जेवण करून घ्या, पाणी भरपूर प्या, रोज घेऊ नका, आणि लघवी कमी झाली तर लगेच या, एवढं पुन्हा पुन्हा सांगते.

आणखी एक जाच आहे तो संशयाचा. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. कमर दिसत नाही. वारंवार दुखणं काढणाऱ्याकडे लोक हळूहळू वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. पहिल्या वेळी मदत, दुसऱ्या वेळी सल्ला, तिसऱ्या वेळी "याचं नेहमीचंच आहे." म्हणून माणसं कर्ज काढून एमआरआय करून आणतात आणि ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला म्हणतात, "मॅडम, हे बघा, मी खोटं बोलत नाही." वास्तविक फिल्म या बाबतीत कच्ची साक्षीदार आहे. दुखणं अजिबात नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, आणि यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. उलट ज्याची पाठ जळते आहे त्याची फिल्म जवळपास स्वच्छही निघू शकते. तेव्हा फिल्म दाखवून प्रामाणिकपणा सिद्ध करायची वेळ कुणावर येऊ नये. जो माणूस मजुरी बुडवून, रांगेत उभा राहून माझ्यापर्यंत आला, त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवते. तिथूनच उपचाराला सुरुवात होते.

आईबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आप्पांच्या कमरेला लसूण तळलेलं तेल चोळणारी, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेक देणारी, लक्ष ठेवून त्यांच्यासाठी बादली आधीच भरून ठेवणारी ती. तिचे स्वतःचे गुडघे सार्वजनिक नळावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत हंडे वाहता वाहता गेले. तिला कुणी फिट सर्टिफिकेट मागितलं नाही, कारण तिनं काम थांबवलं तर काय होईल याची कल्पनाच कुणी केली नव्हती. बाजारात माल निवडणाऱ्या, सांडलेलं धान्य गोळा करून चाळणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या तोंडी "कामावर कधी जाऊ" हा प्रश्नही नसतो. त्या कामावरूनच आलेल्या असतात आणि इथून परत कामावरच जाणार असतात.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर दुखापतीच्या काळाची मजुरी ही काही अशक्य कल्पना नाही. १९४८च्या कामगार राज्य विमा कायद्यात विमा असलेल्या कामगाराला कामावर इजा झाली तर तो बरा होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळायची तरतूद होती. म्हणजे तत्त्व देशानं फार पूर्वीच मान्य केलं आहे. १९२३चा भरपाईचा कायदाही होता, पण त्याला मुख्यतः अपघात लागायचा. तारीख, वेळ, जागा, पाहणारा माणूस. फळी मोडली तर हे सगळं दाखवता येतं. वर्षानुवर्षं पोत्यापोत्यानं झिजलेल्या कण्याला कुठली तारीख लावायची? शेवटच्या पोत्याची लावली तरी ते पोतं एकटं दोषी नसतं. आधीची सगळी पोती त्याच्या मागं उभी असतात.

आप्पांचा बिल्ला माझ्या धाकट्या भावाकडे आला. आज तो त्याच्या टोळीत मुकादम आहे. काही काळापूर्वी त्यांच्या टोळीत एकाची कमर गेली आणि भावानं मला बोलावलं. दुपारची वेळ, ओट्यावर ताडपत्रीच्या सावलीत टोळी बसलेली. गादी म्हणजे काय, स्नायू म्हणजे काय, हे मी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. मग विचारलं, की बाजारात पोतं पाठीवर न घेता करायची कामं कोणती? कुणी बोलेना. मग एकेक निघायला लागलं. पोत्याचं तोंड शिवणं. नग मोजून चिठ्ठी लिहिणं. गाडीची ताडपत्री सोडणं-बांधणं. काट्यावर उभं राहणं. हातगाडीला मागून आधार देणं. फळीवर भुसा टाकणं, फळी नीट बसली की नाही ते बघणं. ही सगळी कामं रोज होतच होती, वाटेल त्यानं वाटेल तेव्हा केलेली. ठरलं ते असं, की दुखण्यातून उठलेल्यानं आधी ही कामं करायची, मग दोघांत मिळून उचलायचं, मग पाठीवर घ्यायचं, आणि या सगळ्या काळात त्याचा वाटा पुरा. एका तरुणानं सरळ विचारलं, "त्याचं आम्ही का ओढायचं?" टोळीतले सगळ्यात वयस्कर तात्या म्हणाले, "आज त्याचं, उद्या तुझं. मी तर दोन्ही बाजूंनी ओढून झालोय." तेवढ्यावर मान्य झालं.

ती टोळी श्रीमंत नाही. तिनं हे केलं, कारण तिच्यातल्या प्रत्येकानं कधीतरी लंगडायचं लपवलं होतं. पण मला हेही दिसतं, की दुखऱ्या माणसाचा वाटा तिथंही दुखऱ्याच माणसांनी उचलला. ज्याचा माल हलला, ज्याच्या गोदामात थप्पी लागली, ज्याच्या दुकानात साखर वेळेवर पोचली, त्यांच्या हिशेबात या बरं होण्याच्या काळाचा एक पैसाही आला नाही. लेव्ही आहे, मंडळं आहेत, पन्नास वर्षांहून जुना कायदा आहे. त्यात एवढी भर घालता येईल : इजा झालेल्या कामगाराला टप्प्याटप्प्यानं कामावर येण्याचा हक्क, त्या टप्प्यांत पुरी मजुरी, आणि ती लेव्हीतून. सर्टिफिकेटच्या छापील कागदावर फिट आणि अनफिट यांच्यामध्ये तिसरा रकाना, ज्यात काय उचलायचं, किती, आणि कधीपासून ते लिहिता येईल. जिथं जमेल तिथं पोतं तीस किलोवर आणणं. फळीच्या जागी पक्का उतार, हातगाडी, सरकता पट्टा. यंत्र आलं की हमाल जाईल, अशी भीती बाजारात आहे आणि ती खोटी नाही. म्हणून यंत्र आणताना टोळीची संख्या आणि टोळीचा वाटा आधी लिहून घेतला पाहिजे. पाठ वाचावी आणि पोटही राहावं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागायच्या.

तोवर मी माझ्यापुरतं करते ते असं. समोर ठेवलेल्या त्या कागदावर जागा नसली तरी समासात लिहिते. पहिला आठवडा शिलाई आणि मोजणी. दुसरा आठवडा दोघांत मिळून उचल. मग पाठीवर, पण पहिल्या ट्रकला नको. खाली सही करते, शिक्का मारते, आणि मुकादमाला फोन लावून तेच तोंडी सांगते. काही मुकादम ऐकतात, काही चिडतात. चिडणाऱ्यांना मी पुन्हा फोन करते. आणि कामावर कधी जाऊ, असं विचारणाऱ्याला मी आता तारीख सांगत नाही. काम सांगते : उद्यापासून सुई-दोरा, ओझं नंतर, आणि मजुरी पुरी मागायची, कारण बरं होणं हेही तुमचं कामच आहे.